दोन ते तीन

चर्चच्या दाराला तासांची यादी डकवलेली.
नऊ ते दहा तरुण संघ,
दहा ते अकरा रोजलिनबाई आणि गायनमंडळ,
अकरा ते बारा सगळेच, कारण तेव्हा फादर असतात.
पुढं रिकामे चौकोन.
दोन ते तीनला माझं नाव,
दरवर्षीसारखं, न विचारता.
छत्तीस वर्षं लोंढ्याच्या यार्डात पॉइंट्समन होतो,
घाट चढून मालगाड्या याच वेळेला यायच्या.
माझी झोप अजून ड्यूटीवर आहे.

पवित्र गुरुवार. संध्याकाळच्या मिस्सात
फादरनी बारा जणांचे पाय धुतले.
बाराही जण घरून साबण लावून आलेले,
बस्त्यावनं तर नखंही काढलेली.
धुतलेलेच पाय धुतले, पुसले,
फोटो निघाले.
मग घंटा मुक्या झाल्या.
आता ईस्टरपर्यंत लाकडी खटखट्या तेवढा.

दोन वाजता मी गुडघ्यांवर.
मेणबत्त्या बसत चाललेल्या,
शेवटच्या बाकावर बस्त्याव तोंड उघडं टाकून झोपलेला,
किल्ल्या पोटावर.
बागेतही असंच झालं होतं म्हणा.

तेवढ्यात खटखट.
वाटलं, कुणा पोरानं खटखट्या उचलला.
मग खोकला.

यार्री?
कोण हाय?
कोण तें?
कौन?
चार भाषांत विचारलं,
खोकला एकाच भाषेत आला.

बस्त्याव उठून बसला. म्हणाला, उघडू नको.
मागल्या महिन्यात पितळी दिवा गेलाय.
कुठली माणसं, काय माणसं,
कमिटीला तू सांगणार?
दिवा गेला होता हे खरंच.

खिडकीतून पाहिलं तर लख्ख चांदणं,
सात माणसं, एक बादली,
ताडपत्रीत गुंडाळलेला संसार.
मडगावच्या ठेकेदारानं हिशेब न करताच हाकललेलं,
पैसे लोंढ्यापर्यंतच्या तिकिटाला पुरले,
फलाटावरून शिपायानं उठवलं.
बाईनं गावाचं नाव सांगितलं, झारखंडातलं,
मला नीट ऐकू आलं नाही,
पुन्हा विचारायची लाज वाटली.

आमच्याकडं हा प्रश्न फार जुना. तू कुठला?
माझा बा आयुष्यभर एकाच उंबऱ्यावर बसला,
एका सकाळी उंबरा दुसऱ्या राज्यात.
पाट्यांना डांबर फासलं, पुसलं, पुन्हा फासलं.
आम्ही मोर्चे काढले, पोरांच्या शाळा बदलल्या,
घरात एक बोललो, कचेरीत दुसरं.
आणि एवढं सगळं अंगावरून गेलेल्या मी
दारातल्या बाईला पहिला प्रश्न तोच केला.

बस्त्यावनं किल्ल्या दिल्या नाहीत.
मुठीत घट्ट धरून बसून राहिला.
पोर पुन्हा खोकलं.
मग काहीतरी पुटपुटत
तो स्वतःच उठला, आणि कुलूप त्यानंच काढलं.

मी स्टोव्हवर पाणी तापवलं.
संध्याकाळचंच तसराळं, संध्याकाळचाच टॉवेल.
बाईच्या तळव्यांत खडी रुतलेली,
टाच सिमेंटनं खाल्लेली.
खाली बसलो, हात पुढं केला
तर तिनं पाय झटकन लुगड्याखाली ओढले.
भ्याली होती.
तसराळं आपल्याकडं घेतलं,
पोराचं तोंड पुसलं,
आणि ओंजळ तोंडाशी नेऊन खुणेनं विचारलं,
प्यायचं कुठं मिळेल?

एवढंच हवं होतं.
मी उगाच तिच्यातून काही पवित्र घडवायला निघालो होतो.

बाकांच्या मधल्या जागेत झोपली सगळी.
रोजलिनबाईंचे झालरीचे टेबलक्लॉथ पांघरायला.
उद्या त्या बोलतील.
कमिटीची बैठक तर रविवारनंतर आहेच,
तिथं काय होईल मला ठाऊक नाही.

माझा तास केव्हाच संपला होता.
घरी जावं म्हणून दाराशी आलो
तर यादीतल्या रिकाम्या चौकोनांत
वाकड्या अक्षरात, पेन्सिलीनं,
तीन ते चार बस्त्याव.
चार ते पाच बस्त्याव.
मी परत आत येऊन बसलो.

पहाटेची हुबळी पॅसेंजर
भिंती हलवत गेली.
पोर कुशीवर वळलं,
उठलं नाही.